अंबरपेठच्या लग्नातली माझी हरकत

नल्लकुंटा, हैदराबाद
२ नोव्हेंबर १९९५

ती. हिम्मतदादांस मधुकरचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि परभणीचं नळाचं पाणी, या तिन्हींची खुशाली कळवावी. इकडे आम्हीही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. आमच्या प्रणिताचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आहे, आणि तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या चतुराकाकू, दोन गल्ल्या सोडून राहत असूनही ज्येष्ठापासून माझ्याशी बोलत नाहीत. अंबरपेठची हकीकत तुमच्या कानावर आली असेलच. पण ती एकनाथरावांकडून, म्हणजे तिखटमीठ लावून. आता खरी ऐका.

मी कॉपीराइट हा विषय घेतला तेव्हा सगळं हैदराबाद कूळकायदा शिकत होतं. (मी छापखाना काढणार, अशी आपल्या वडीलधाऱ्यांची समजूत शेवटपर्यंत टिकली.) वीस वर्षं माझ्या वर्गात कधी तिघांवर चौथा आला नाही, आणि त्यातलाही एक पंख्यासाठी यायचा. मग देशाने बाजार खुला केला, गच्चीगच्चीवर डिश उगवल्या, आणि कालपर्यंत आबिड्सच्या फूटपाथवर चोरीच्या कॅसेटी घेणारे आज पंचतारांकित हॉटेलात बौद्धिक संपदेवर परिसंवाद भरवू लागले. मला बोलावतात, शाल देतात आणि माझं भाषण अध्यक्षांच्या नावावर छापतात. असो.

जूनमध्ये अंबरपेठला एकनाथरावांच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझे कान टवकारले. काकूंनी तुमच्या मीनाच्या लग्नासाठी रचलेलीच ती! नावं तेवढी बदलली होती, तीही धड नाही. वराकडची मंडळी निजामाबादची, तरी दुसऱ्या कडव्यात त्यांचे आजोबा नांदेडला वकिली करत होते. आणि म्हणणाऱ्या मुलीच्या हातातला कागद तेलुगू लिपीत! (आपल्या पोरांना मराठी वाचता येत नाही. चोरी करायची तर निदान मालाची ओळख तरी हवी.)

मी उठलो आणि हात वर करून हरकत नोंदवली. लग्नात हात वर करणं ही बँडवाल्याला वाजवायची खूण, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला मी वऱ्हाडी नव्हतो, वकील होतो. बँड वाजला. बँड वाजला म्हणून अक्षता पडल्या, अक्षता पडल्या म्हणून मामांनी अंतरपाट सोडला, आणि मुहूर्ताला चार मिनिटं बाकी असताना वधूवरांनी एकमेकांना माळा घातल्या. भटजी घड्याळाकडे बोट दाखवत होते, मी कागदाकडे. वर बँडमास्तर मलाच म्हणतो, "साब, हात आपैच उठाए ना? हमकू कायकू घूरते?"

माळा काढून मुहूर्तावर पुन्हा घालाव्या लागल्या. तेवढ्याने भागलं नाही. पंगतीत तो पंख्यासाठी येणारा ओमकार (आता वकील झालाय, कोणीही होतो) वाढप्यांसकट सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, मे महिन्यापासून कायदा बदललाय. लग्नसमारंभात म्हटलेल्याला सूट आहे." सरकार उन्हाळ्याच्या सुटीत कायदे बदलतं, याला मी काय करू? (त्यानंतरही दोन परिसंवादांत मी जुनाच कायदा सांगितला. एकाच्याही लक्षात आलं नाही. यावरून त्यांची विद्वत्ता ओळखा.)

काकू मात्र खूश होतील असं वाटलं होतं. त्यांची मंगलाष्टकं न विचारता म्हणणाऱ्या अकरा घरांना पाठवायच्या नोटिसा मी त्यांच्या नावे तयारच ठेवल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून पहिली वाचली आणि म्हणाल्या, "मी आले होते का रे तुझ्याकडे तक्रार घेऊन? कुठल्याही मांडवात माझी ओळ कानावर पडली की मला बरं वाटतं. तेवढ्यासाठीच लिहीत होते." मग वही ट्रंकेत टाकली आणि यापुढे मंगलाष्टकं रचणार नाही म्हणून सांगितलं. आता सगळं नल्लकुंटा मलाच बोल लावतं. अडाणी लोक, दुसरं काय!

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुमचा
मधुकर

ता. क. चतुराआजीच्या मंगलाष्टकांशिवाय अंतरपाटापाशी उभी राहणार नाही, असं प्रणिता म्हणते. मी आबिड्सहून मंगलाष्टकांची तयार कॅसेट आणली, ती तिने भिंतीवर फेकली. (फूटपाथवरचीच होती. विचारू नका.)

ता. क. २ दादा, एक दिवस येऊन जा. काकू तुमचं ऐकतील. नोटिसा मी फाडल्या, हे त्यांना सांगा. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि कडी न वाजवता परत आलो. प्रणिताला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं. माझ्या शहाणपणापायी त्या पोरीने का रडावं? कडव्यात मुलीच्या बापाचं नाव घालायची चाल आहे. माझं नाव लिहिणं जिवावर येत असेल, तर नुसतं तिच्या आईचं, सत्यवतीचं घालावं. मला चालेल, असं सांगा.