या रविवारी मी फक्त घोरणार

आई, पुण्याहून प्रफुल्लचा जयभीम.

घरात केबल आली तरी रविवारी तू रेडिओवर आमचा कार्यक्रम लावतेस आणि आवाजावरून माझी तब्येत ओळखतेस, म्हणून आधीच कळवतो. घसा बसलाय. डॉक्टरांनी आतला तुकडा तपासायला पाठवलाय. सगळ्यांचाच पाठवतात म्हणे. तोवर बोलायचं नाही.

गाणी नेहमीसारखीच आहेत. प्रहसनात मात्र बायको भांडते आणि मी नुसता घोरतो. लिहिणाऱ्या दीपालीताईंनी मुद्दाम तसं रचलं, माझी जागा दुसऱ्याला जाऊ नये म्हणून.

तुझे गुडघे कसे आहेत? आमचे केंद्रावरचे साहेब विचारतात, आता रेडिओ ऐकतं कोण? म्हटलं, आमची आई.

घोरणं माझंच आहे, टेप लावलेली नाही. ओळखशील ना?

तुझा,
प्रफुल्ल