छोट्या लाइनीच्या इंजिनाचा काळा रंग

अजी,

मी बापूजीले घेऊन त्यांच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमाले पुढं गेली. परवापासून तुम्ही माझ्याशी बोलून नाही राहिले, म्हणून लिहून ठेवलं.

तुमचा नवा ॲक्रिलिक रंग माझा हात लागून नाही फाटला. दारं-खिडक्यांच्या रंगासारखं तुम्ही त्यात टर्पेंटाइन ओतलं, म्हणून गुठळ्या झाल्या अन् एअरब्रश चोंदला. काल मी टर्पेंटाइन न पडलेली रंगाची दुसरी वाटी घासाले घेतली, तं काठावरचा ओलसर रंग नुसत्या पाण्यानं सुटला. तवा कळलं! मग बाटलीत उरलेल्या चांगल्या रंगात पाणी घालून दुधाइतका पातळ केला, लुगड्याच्या फडक्यातून गाळला, एअरब्रशचं तोंड सुईनं मोकळं केलं, अन् बापूजींनी जन्मभर नॅरोगेजच्या छोट्या लाइनीवर चालवलेल्या इंजिनाचं तुमचं मॉडेल रंगवून टाकलं. पाहा, कसा सुरेख बसला!

नंबर तेवढा तुमच्या हातासाठी सोडला. तो वाळला की मॉडेल घेऊन या. झुणका-भाकर झाकून ठेवली आहे, जेवूनच निघजा.

रंग कोणी मारला, हे बापूजी तिथं विचारतीनच. मी तोंड उघडणार नाही. चारचौघांत तुम्हालेच माझं नाव घ्या लागन. येता येता उखाणा जुळवजा.

गोपिका