भाऊजी काऊबॉय होतात

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

तुमचा फोन लागत नाही, पत्र नाही, म्हणून मीच लिहिते आहे. पत्ता तुमच्या ताईंकडून मिळाला. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली आणि आता घरच्याच माणसाला पोस्टाचं तिकीट चिकटवावं लागतंय.

जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो असं सांगून तुम्ही निघालात. मला वाटलं, चार दिवस. काल ताई म्हणाल्या की तुम्ही डोंगरावरच्या कुठल्याशा गुरांच्या फार्मवर कामाला लागलात आणि तिथे घोडाही आहे. त्या सांगत होत्या आणि मी वेड्यासारखी बघत होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आजवर चष्म्याच्या काचा घासल्या, जिना चढताना गुडघा धरतो, आणि आता घोडा!

तुमचे दादा गेले त्याला पुरते दोन महिने झाले नाहीत. दुकानाचं शटर खाली आहे. गिऱ्हाइकं घरी येतात. कोपऱ्यावरचे मास्तर तर रोज. त्यांच्या चष्म्याची डावी काच फ्रेममध्ये आणि उजवी तुमच्या मशीनपाशी. एका डोळ्याने पेपर वाचतात आणि दुसऱ्याने माझ्याकडे बघतात. मी त्यांना काय सांगू? भाऊजी गुरं वळायला गेलेत?

रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून दुकानामागच्या खोलीत तुम्ही दोघे भाऊ ते काऊबॉयचे सिनेमे बघत बसायचात, हे मला नवीन नाही. चहा मीच आणत होते. एकच सिनेमा चाळीस वेळा बघितलात, मी कधी हूं का चूं केलं नाही. पण सर्कस आवडते म्हणून कोणी सिंहाच्या पिंजऱ्यात बिऱ्हाड करत नाही. आणि एक विचारायचं राहूनच गेलं होतं. त्या सिनेमांत एवढे घोडे असतात, त्यांची लीद कोण काढतं? मला तरी कधी दिसली नाही.

मी बरी आहे. जेवते, झोपते. परत कधी येता ते कळवा.

लोभ असावा. राग आहेच.
तुमची,
वहिनी

*

दि. १७ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सवयीने आधी 'सौ.' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. दुसरा कागद घ्यायला हवा होता, पण इथे कागद मोजकेच आहेत. माफ करा.

लीद मी काढतो.

घोडा एकच आहे. तो दुधाच्या कॅनची गाडी ओढतो आणि मनात आलं नाही तर ओढत नाही. त्याच्यावर मी एकदाच बसलो. उतरवायला दोन माणसं लागली. गुरं वळवायचं काम मालक मोटरसायकलवरून हॉर्न वाजवत करतात. मी गोठा धुतो, कडबा कापतो, गाईंच्या कानातल्या गोचिडी काढतो. हात बारीक कामाला सरावलेले आहेत, त्यामुळे गोचिडींच्या बाबतीत माझं इथे बरं नाव झालंय. मोठ्या काठाची एक टोपी घेतली होती. ती गाईने खाल्ली.

तुम्ही हसाल हे माहीत आहे. पण दादाला आणि मला त्या सिनेमांतली मारामारी कधी फारशी आवडली नाही. गोळीबार सुरू झाला की दादा चहा संपवून घ्यायचा. आम्हाला आवडायचं ते दुसरंच. दिवसभर आम्ही लोकांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघायचो. त्या सिनेमांत नजर पार डोंगरापर्यंत जायची, मध्ये एक भिंत नाही. माणसाचं सगळं सामान खोगिरामागे मावायचं. कुणी त्याला जास्त काही विचारत नसे, विचारलं तर तो एका शब्दात उत्तर देई. इथे तसं आहे. संध्याकाळी कुंपणाच्या फळीवर बसतो. आता पुढे काय, असं कोणी विचारत नाही.

आमचा सगळ्यात लाडका 'विहिरीवाला' तुम्हाला आठवत असेल. खरं नाव आम्हाला कधी नीट वाचताच आलं नाही. तो परका माणूस येतो, त्या वस्तीला विहीर खणून देतो आणि शेवटी घोड्यापाशी उभा राहून दारातल्या बाईला दोन वाक्यं बोलतो. मला इंग्रजीचं वावडं, दादा मला सगळं मराठीत सांगायचा. काम झालं, आता थांबलो तर तुम्हाला ओझं होईन, असं तो म्हणतो आणि जातो. दादाचे डोळे तिथे दर वेळी भरून यायचे.

दादा होता तोवर त्या घरात मी त्याचा धाकटा भाऊ होतो. आता त्या घरात मी कोण, हे मला सांगता येत नाही. म्हणून विहिरीवाल्यासारखं केलं. मास्तरांची काच मशीनच्या डाव्या खणात आहे. स्टेशनसमोरच्या दुकानात दिली तर ते बसवून देतील. मशीनही त्यांनाच विकून टाका.

तब्येतीला जपा. तुमचा राग ध्यानात घेतला आहे.
आपला,
धाकटा

*

दि. २४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. 'सौ.' खोडलेलं बघितलं. यापुढे नुसतं वहिनी लिहा, ते खोडायची वेळ येणार नाही.

काच मी स्टेशनसमोर दिलेली नाही आणि देणारही नाही. तुमच्या भावाने त्या दुकानाची पायरी कधी चढली नाही. मशीन विकायचं तर तुम्ही येऊन विका. घर सोडून जाणारा माणूस जाता जाता इतरांना कामं सांगून जातो, हे त्या सिनेमांत असतं की तुमचं स्वतःचं?

आता विहिरीवाल्याचं बोलू. भाऊजी, मी नोकरीत दिवसभर इंग्रजी ऐकलं. कुठल्या कुठल्या माणसांचं, खरखरत्या तारांवरून. पडद्यावरचं इंग्रजी त्यापुढे काहीच नाही. चहाचा ट्रे घेऊन मी दारात उभी असायची तेव्हा मला सगळं कळायचं. तुमच्या दादाला त्यातलं फार थोडं कळायचं. बाकीचं हे मनाने लावून सांगायचे. शेरीफ वॉरंट वाचून दाखवायचा आणि हे तुम्हाला सांगायचे की त्याला आईची आठवण येतेय.

विहिरीवाला शेवटी त्या बाईला म्हणतो, की बादलीचा दोर झिजलाय, हिवाळ्याआधी बदलून घ्या. एवढंच. काम झालं, ओझं होईन, त्यातलं एक अक्षरही तो बोलत नाही. पुढच्या गावी त्याला दुसरी विहीर खणायची असते. तो मजुरीवर आलेला माणूस आहे, भाऊजी, तो त्या घरातला नाहीच. तुम्ही सत्तावीस वर्षं आमच्या घरात आहात.

एकदा मी यांना याबद्दल म्हटलंही होतं. हे हसले. धाकट्याला सांगू नकोस, त्याला माझंच जास्त आवडतं, म्हणाले. म्हणून गप्प राहिले. पण तुम्ही बादलीच्या दोरापायी घर सोडणार असाल तर आता गप्प राहण्यात काय अर्थ आहे?

हे पत्र मिळेल त्यानंतरच्या रविवारच्या बसने निघा. गुडघ्याचं तेल इथेच राहिलंय.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.
तुमची,
वहिनी

*

दि. ३ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सत्तावीस वर्षं दादाने मला फसवलं, आणि इतकं छान फसवलं, याचंच हसू येत राहिलं. गोठ्यात एकट्याने हसताना मालकांनी बघितलं. ते तेव्हापासून माझ्याशी जरा जपून वागतात.

पण वहिनी, यातून माझं काम उलट अवघड झालं. पडद्यावरच्या परक्या माणसाचं वाक्य असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. ते दादाचं निघालं. काम झाल्यावर थांबू नये, ओझं होऊ नये, हे त्याला स्वतःला वाटत असणार, नाहीतर नेमकं तेच त्याच्या तोंडी का आलं असतं? मग मी ते कसं मोडू?

शिवाय खरं ते सांगतो. दादाचे दिवस झाल्यावर ताई परत निघाली तेव्हा दारात चपला घालता घालता मला म्हणाली की आता तू वेगळी खोली बघ, बरं दिसत नाही, वहिनीलाच लोकांना तोंड द्यावं लागेल. ती वाईट मनाने बोलली नाही. तिचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही.

रविवारी येत नाही. मालकांनी मला पक्कं कामावर घ्यायचं ठरवलंय. महिनाअखेर हो किंवा नाही सांगायचं आहे.

तुमचा निरोप घेतला असं समजू नये, पण समजलात तरी चालेल.
आपला,
धाकटा

*

दि. १० मार्च

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

तुमच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भाऊ भाऊ सारखेच.

ताईंशी मी बोलले. त्यांना काय बरं दिसतं ते त्यांनी त्यांच्या घरी बघावं, असं सांगितलं. मी कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे त्या इतक्या दचकल्या की फोन ठेवायच्या आधी त्यांनीच माझी माफी मागितली. लोकांचं म्हणाल तर लोक म्हणजे मास्तर. त्यांची काळजी फक्त उजव्या काचेची आहे.

दादांचं वाक्य मोडता येत नाही म्हणता. ज्या माणसाला ओझ्याचा एवढा धाक होता त्याने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात धाकट्या भावाचा पलंग आपल्या घरात आणून टाकला असता का? मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी आठवडाभर अबोला धरला होता. आठवडा संपता संपता तुम्ही माझ्या चष्म्याची सैल दांडी न सांगता बसवून दिलीत आणि अबोला मोडला. हे तुम्हाला ठाऊकही नसेल. सिनेमा बघताना ते जे बोलायचे ते सिनेमाला शोभेल असं बोलायचे. घरात काय करायचे ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय.

आता जे लिहिते ते लिहायचं नव्हतं. मला असं लिहिता येत नाही.

हे माझ्या वाट्याला आले ते तिशी उलटल्यावर. केस विरळ झालेले, दुकान चालू झालेलं, सवयी पक्क्या झालेल्या. त्याआधीचे ते मी पाहिलेले नाहीत. शाळेतले, मार खाणारे, खोटं बोलणारे, मिशी फुटणारे, ते सगळे तुमच्याकडे आहेत. ताई तेव्हा लग्न होऊन गेलेल्या होत्या. दुसरं कोणी उरलेलं नाही. मी रोज संध्याकाळी बसते आणि जेवढं माझ्याकडे आहे तेवढं आठवते, आणि ते पुरत नाही. तुम्ही गेलात तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत तुम्ही यांचं अर्धं आयुष्य घेऊन गेलात आणि ते गाईंपुढे टाकलंत. याचा मला राग आहे. जेवणाचा नाही, दुकानाचा नाही. याचा.

त्या घरात तुम्ही कोण, हे तुम्हाला सांगता येत नव्हतं. मी सांगितलं. आता पक्कं व्हायचं असेल तर व्हा.

अधिक लिहवत नाही.
वहिनी

*

दि. १८ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. चार दिवस नुसताच कडबा कापला. शेवटी ठरवलं की उत्तर देऊ नये, तुम्ही जे मागितलंत त्यातलं काहीतरी द्यावं.

दादा घोड्याला घाबरायचा.

थोडाथोडका नाही. तो सातवीत आणि मी तिसरीत होतो. शाळेच्या रस्त्यावर बर्फाच्या कारखान्याची घोडागाडी उभी असायची. एक दिवस आम्ही शेजारून जात असताना तो घोडा शिंकला. दादाने दप्तर टाकलं, मला टाकलं आणि लाकडाच्या वखारीच्या भिंतीवर चढला. ती भिंत इतकी उंच होती की पुढे मोठेपणीही आम्हाला कळलं नाही तो चढला कसा. उतरता येईना. मी खाली रडतोय, दादा वर रडतोय, घोडा शांतपणे उभा. शेवटी वखारवाल्याने शिडी लावली. त्या दिवसापासून आम्ही मागच्या गल्लीने शाळेत जायचो, दुप्पट लांबून. मी कोणाला सांगणार नाही अशी त्याने मला शपथ घातली होती. तुमचं लग्न ठरलं तेव्हा ती शपथ त्याने नव्याने घातली, आणि खास तुमचं नाव घेऊन.

मोठेपणीही रस्त्यात लांबून घोडा दिसला की तो दुसऱ्या फुटपाथवर जायचा. सिनेमातला घोडा काचेपलीकडे असतो, म्हणून तो आवडायचा.

आज शपथ मोडली. मालकांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

आपला,
धाकटा

*

दि. २५ मार्च

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

पत्र दारातच उभ्याने वाचून काढलं.

लग्नानंतर आम्ही दोघं एका थंड हवेच्या गावी गेलो होतो. स्टँडवर घोडागाड्यांची रांग लागलेली. मी म्हटलं, गाडी करू. हे म्हणाले, चालणं प्रकृतीला चांगलं. पायात नव्या चपला, वर चढण, आणि हे पुढे झपाझप. दोन्ही टाचांना फोड आले. मला वाटलं, कंजूष माणूस पदरी पडला. मनाशी मी तीच गाठ बांधून टाकली आणि इतकी वर्षं सोडली नाही. एका शब्दाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी काय हसले असते? हसले असते, पण तेवढंच.

मी इतकी चिडले आहे की काय सांगू. सकाळपासून घरात एकटीच बोलते आहे. हे भांडण मला आत्ता, आजच्या आज करायचं आहे आणि ज्यांच्याशी करायचं ते नाहीत. त्यांच्या बाजूने बोलणारं कोणीतरी घरात हवं. मी एकटी किती वेळ दोन्हीकडून बोलू?

मालकांना नाही म्हणून कळवा. बाकी काय काय शपथा घातल्या होत्या ते पत्रात लिहू नका. इथे येऊन, समोर बसून सांगा.

वाट बघते.
तुमची,
वहिनी