चहा पिणारा फ्रिजियन

बाबा, मी तुला शेजारच्या आजोबांचा पूर्वज करून टाकलंय. करायला नको होतं, कळतंय. पण आता झालंय, आणि आजोबा परवा गेले, म्हणून तुला सांगणं भाग आहे. शिफ्ट संपवून गाडीतच बसलोय. घरात जायचा पण कंटाळा आलाय.

आजोबा म्हणजे आपल्या उजव्या बाजूचे, ते उंच, ज्यांच्या लॉनवरचे प्लास्टिकचे फ्लेमिंगो मी उलटे रोवून ठेवायचो. तू गेल्यावर इथल्या अख्ख्या अल्फारेटा गावातले आपले देशी काका-काकू डबे घेऊन यायचे, मग हळूहळू थांबले. आजोबा थांबले नाहीत. स्वतःचं लॉन कापून झालं की आमचंही कापून जायचे. मी कॉलेज अर्धवट सोडून वेअरहाउसला लागलो तेव्हा आईने आठवडाभर तोंड पाडलं होतं. आजोबा एवढंच म्हणाले, "किड, तुला कॉम्प्युटर येतो ना? मग माझे बापजादे शोधून दे."

त्यांचे लोक फ्रिजियाचे. हॉलंडच्या वर समुद्राला लागून आहे तो भाग. त्यांची आजी म्हणायची की आपण तिथल्या एका फार जुन्या, हजारएक वर्षांपूर्वीच्या सरदार घराण्यातले. त्या घराण्याची एक गोष्ट आहे. एका घरात मुलगी झाली. त्या बाळाच्या आजीला मुलगी नको होती, तिने बाळ बुडवायला पाठवलं. पण रीत अशी होती की एकदा तोंडात अन्न गेलं की बाळाला मारता यायचं नाही. शेजारच्या बाईने बाळ हिसकावलं, घरात पळाली आणि त्याच्या जिभेवर मध लावला. ती मुलगी जगली, पुढे तिची मुलं बिशप झाली. हे सांगताना आजोबा दर वेळी मधापाशी थांबायचे. म्हणायचे, "मी त्याच घरातला आहे एवढं कळू दे, मग मरायला मोकळा."

सुरुवातीला मजा आली यार. त्या लोकांना पूर्वी आडनावं नव्हती, नावापुढे बापाचं नाव लावलं की झालं. नातवाला आजोबांचं नाव. म्हणजे आपलंच की! आजोबा कधीपासून एकाच नावाच्या दोन माणसांत अडकून पडले होते. मी बसल्या बसल्या सांगितलं, एक आजोबा आहे, एक नातू. ते माझ्याकडे बघतच राहिले. शाळेत माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं. पण मग चर्चमधल्या जुन्या नोंदी संपल्या. त्या टोकाला ते सरदार, कुठल्या मठाला जमीन दिली तेवढ्यापुरते दिसणारे, या टोकाला आजोबांचे शेतकरी, आणि मधली कित्येक शतकं कोरी. मी महिनेच्या महिने शोधत होतो. शिफ्टवरून आलो की तेच. डोळे दुखायचे, हाताला काही लागायचं नाही. तेवढ्यात डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं की आता उपचार नकोत, घरीच राहा.

तुझ्या श्राद्धाला देवळातल्या गुरुजींनी गोत्र विचारलं होतं. आई रडत होती, मला तर तो शब्दच माहीत नव्हता. गुरुजी म्हणाले, "माहीत नसेल तर काश्यप म्हणा. चालतं." इतकं सोपं! मग मीही तेच केलं. आजोबांचा वंशवृक्ष मी ऑनलाइन मांडला होता, त्या झाडात जिथे जिथे भोक होतं तिथे तुझ्या कारपूलमधल्या काकांची नावं घातली, शेवटी 'मा' जोडून. तिकडची बरीच आडनावं 'मा'वर संपतात, 'मा' लावला की कुणीही फ्रिजियन दिसतो. एक जागा उरली, तिथे तुझं नाव टाकलं. आठवड्याभरात मिशिगनच्या कुठल्या तरी बाईने तुला उचलून तिच्या झाडात पण लावलं.

आजोबांनी पलंगावर पडल्या पडल्या सगळी नावं माझ्याकडून वाचून घेतली. तुझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "थांब. हा कसा होता रे?"

पळावंसं वाटलं. तुझ्या ऑफिसात मी सगळ्यांच्या माऊसना खालून टेप लावली होती, आठवतं? मी पॅन्ट्रीत लपलो आणि तू बॉसला म्हणालास, मीच केलं. गाडीत मला म्हणालास, "खोड्या कर. पण करून पळू नकोस. लोक चिडतील तेव्हा तिथेच उभा राहा."

मी उभा राहिलो. म्हटलं, "दमलेला असायचा. घरी आला की बूट काढायचं पण त्राण नसायचं. दारातच बसायचा. मग मुलगा बूट ओढायचा आणि हा मुद्दाम पाय घट्ट धरायचा. आल्याचा चहा मिळाला की जरा..."

"चहा?" आजोबा म्हणाले. "तेव्हा? फ्रिजियात?"

त्यांनी उशीवर मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागले, हसता हसता ठसका लागला, त्यांची मुलगी धावत आली. "डॅड, काय झालं?"

"काही नाही. किड मला आपल्या माणसांबद्दल सांगतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढे सांग. चहा कसा घ्यायचा?"

सांगितलं. ते झोपेपर्यंत सांगत होतो. त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे.

शनिवारी फ्युनरलला त्यांची मुलगी ती नावं वाचणार आहे. मी तुझा कोट घालून जाणार आहे. खांद्यात सैल होतो अजून. आणि एक सांगायचं राहिलं. बाकी सगळ्या काकांच्या नावापुढे कोण कधी जन्मला, कधी मेला ते मी ठोकून दिलंय. तुझा जन्म टाकला, मेल्याचं काही लिहिलं नाही. हात गेला नाही.

हे फोनच्या ड्राफ्टमध्येच राहणार. पण आजोबा तिकडे पोचले की तुलाच शोधतील. उंच आहेत, लगेच ओळखशील. मीच तो म्हण. चहा टाक, साखर कमी. आणि प्लीज बाबा, कुणालाच सांगू नकोस. त्या मधवाल्या मुलीला तर अजिबातच नको.