मल्हारीची हरवलेली मेंढी

गोरेगाव, ता. सेनगाव

प्रिय मल्हारी,

फोनवर तू दोन वाक्यांत 'बरं, ठेवतो' म्हणतोस, म्हणून हे पत्र. निदान शेवटपर्यंत वाचशील.

मी ठीक आहे. स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, रक्तवाहिन्यांना आतून सूज आहे. मी हातपाय चाचपून पाहिले, कुठेच दिसेना. गल्लीत ज्याने-त्याने हळदीचं दूध सुचवलं, तेही प्यायलो. डॉक्टर म्हणाले, दूध राहू द्या, गोळ्या चुकवू नका आणि रोज भरभर चाला. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं. जन्मभर शिलाई मशीनपुढे बसलेल्या माणसाला हे सांगायचं!

खरी तकलीफ रस्त्यावर. आपल्याकडे कामाशिवाय चालणारा माणूस कुणाला बघवत नाही. गावाबाहेर पडलो की मोटारसायकल थांबलीच. 'चाचा, काहून पायी जाऊन राहिले? बसा!' नाही म्हटलं तर लोक रुसतात. सुरुवातीला मी चालायला निघायचो, सेनगावला पोहोचायचो आणि जीपने परत यायचो.

मग तुझी जुनी काठी तुझ्या भावाकडून, जळबाकडून मागून आणली. विचारेल त्याला सांगू लागलो, मल्हारीची मेंढी हरवली, शोधून राहिलो. हरवलेलं जनावर शोधणाऱ्याला कोण गाडीवर बसवतं? उलट लोकच झुडपात डोकावू लागले. जळबाने तर सगळा कळप पुन्हा मोजला. त्याला खरं सांगायचं राहूनच गेलंय.

परवा रक्त पुन्हा तपासलं. सूज उतरली आहे. गोळ्यांनी की चालण्याने, विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, दोन्ही चालू ठेवा. सुरुवातीला चालताना छाती धडधडली की वाटायचं, संपलं आता. ती भीती मात्र चालूनच गेली.

काल तुझी सून शिवकन्या फोनवर रडली. हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून तू खुर्ची सोडत नाहीस म्हणे. डॉक्टर चाला म्हणतात आणि तू दारापर्यंतही जात नाहीस. तुझ्यामागे चालताना माझ्या चपला झिजायच्या, तो तू! वाईट वाटलं, आणि रागही आला. इकडे लोक विचारू लागलेत, मेंढी ज्याची हरवली तो मालक काहून येऊन नाही राहिला? मी काय सांगू? तिथे पुण्यात रोज थोडं थोडं चाल आणि इकडे ये. तुझी मेंढी मी एकट्याने किती दिवस शोधायची?

वाट पाहणारा,
तुझाच
चाँद पाशा