जिन्यावरचा फोटो

सोमवार, ४ मार्च
मिळाली परवानगी! वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे चौदा माणसं. पीएचडीच्या अभ्यासासाठी सहा महिने मला तिथे बसायला मिळणार, शिवाय मागच्या वर्षभराचे सगळे मेसेजही वाचायला दिलेत. माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं तर म्हणाले, "पेढे नकोत, नियम पाठ कर." नियम एकच – वाचायचं, मोजायचं, एक अक्षरही लिहायचं नाही.
सरांनी 'ऑनलाइन माणसं कशी वागतात' हा विषय धरला तेव्हा अख्ख्या विद्यापीठात इंटरनेटची चार यंत्रं होती. लोक हसायचे – "समाजशास्त्रवाले आता तारा मोजणार!" सर ऐकून घ्यायचे आणि घरोघर विचारत फिरायचे. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. वय वर्षं सेहेचाळीस!

मंगळवार, ५ मार्च
हरवलेलं मांजर. पाणी उशिरा. सापडलेलं मांजर. पाणी आलं.
मग दुपारी चौथ्या इमारतीतल्या नर्सबाईंचा मेसेज – रक्त हवंय, तातडीने. चाळीस मिनिटांत अकरा जण तयार! यातले सात जण त्यांना ओळखतही नाहीत. वहीत आकडे लिहिले आणि उगाचच खोलीभर एक चक्कर मारून आले.

शनिवार, ९ मार्च
ताई – "म्हणजे दुसऱ्यांची बोलणी चोरून ऐकायची, आणि वर पदवी मिळणार?"
"चोरून नाही गं. परवानगीने."
"मग भिंतीला कान लावणाऱ्या आपल्या मावशीला डॉक्टरच म्हणायला हवं."

मंगळवार, १२ मार्च
वाईट दिवस. दुसऱ्या इमारतीत चोरी झाली. दार शाबूत, कुलूप शाबूत. दहा वाजता निवृत्त मुख्याध्यापकांनी एक फोटो टाकला – वसाहतीच्या कोपऱ्यावरचा कुलूपवाला, जिन्यावर, हातात हत्यारांची पिशवी. खाली ओळ – "कुलूप न फोडता दार कोण उघडू शकतं? विचार करा."
लोकांनी विचार सोडून बाकी सगळं केलं. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट मेसेज. 'याच्याकडे सगळ्यांच्या किल्ल्या आहेत.' 'हाकला.' मी एकेक मोजला. 

बुधवार, १३ मार्च
तो फोटो मी आधी पाहिलाय! सकाळी जुने मेसेज उपसत बसले. सापडला. नोव्हेंबरातला. नर्सबाईंनीच टाकलेला – त्यांची आई घरात अडकली होती, याने दार उघडलं, म्हणून आभार. मूळ फोटोत त्याच्या शेजारी म्हातारी उभी आहे, हसतेय. कुणीतरी तिला कापून टाकलंय.
सरांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं. मग – "एक शब्द लिहिलास की तू बघणारी उरत नाहीस. सगळा अभ्यास पाण्यात."
"आणि नाही लिहिलं तर?"
"तर आपला तक्ता सुंदर होईल," म्हणाले, आणि फोन ठेवला. रागावून नाही. कसं ते कळलं नाही.

गुरुवार, १४ मार्च
न राहवून त्याच्या दुकानाशी गेले. शटरवर डांबराने मोठ्या अक्षरांत 'चोर'. तो रॉकेलच्या चिंधीने पुसत होता. र निघाला होता, चो निघत नव्हता.
मला ओळखलं – जानेवारीत माझ्या पाहणीचा फॉर्म भरून दिला होता त्याने. "मॅडम, तुम्ही आमचं सगळं लिहून घेता ना? हेही घ्या लिहून." वाकडं बोलला नाही. सरळच बोलला. ते जास्त लागलं.
घरी आले. चप्पलही काढली नाही. अख्खा फोटो, तारीख, आणि दोन ओळी – "हा फोटो नोव्हेंबरातला आहे. मंगळवारच्या फोटोत शेजारची आजी कापलेली आहे."
ग्रुपवर पाठवलं.

शुक्रवार, १५ मार्च
सकाळी मुख्याध्यापक – "बाई, तुम्ही अभ्यासाला आलात की वकिलीला?" त्यावर चार अंगठे. 
मग नर्सबाई. त्यांचा मेसेज इथे उतरवून ठेवते – "आई अडकली तेव्हा हा माणूस भरल्या ताटावरून उठून आला होता. फोटो मी मंगळवारीच ओळखला होता. सगळ्यांपुढे बोलायची छाती झाली नाही. मला माझीच लाज वाटते."
 
दुपारी सरांकडे गेले, बोलणी खायच्या तयारीने. त्यांनी कपाटातून त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख काढला. म्हणाले, "तेव्हा विद्यापीठातल्या एका ऑनलाइन चर्चागटावर एका मुलीची बदनामी चालली होती. खोटी. मला ठाऊक होतं. मी बघत राहिलो, मोजत राहिलो. ती शिक्षण सोडून गेली. या लेखात पस्तीस पानं आहेत, त्यात ती मुलगी कुठेच नाही."
मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

सोमवार, १८ मार्च
विद्यापीठाच्या संशोधन समितीने अभ्यास रद्द केला. "निरीक्षकाने हस्तक्षेप केला." बरोबरच आहे, केला. सर उठून म्हणाले, "मग तसंच छापा. हस्तक्षेप केला, आणि पुढे काय झालं तेही छापा." अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
ताईला वाटलं मी रडणार. म्हणाली, "झालं ते झालं. निदान आता जेवायला वेळेवर येशील." मग तीच रडली.

रविवार, २४ मार्च
चोर सापडला – घरमालकाचाच भाचा, त्याच्याकडे जादा किल्ली होती. पोलिसांनी शोधलं, ग्रुपने नव्हे!
मुख्याध्यापक हिरव्या रंगाचा डबा घेऊन दुकानाशी गेले. मीही बघायला गेले. शटर स्वतः रंगवलं. अर्धा रंग त्यांच्या सदऱ्यावर. कुलूपवाला खुर्चीत बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "सर, शटर निळं होतं." मुख्याध्यापकांचा चेहरा एवढासा झाला. "राहू द्या. हिरवंही बरं दिसतं."
माफ केलं का? विचारलं नाही. माझ्याकडे फॉर्म नव्हता.

मंगळवार, २ एप्रिल
टेबल आवरलं. तीन खोकी भरली. पुढे काय, माहीत नाही.

गुरुवार, ११ एप्रिल
आज सरांच्या खोलीत खोकी द्यायला गेले, तर मागोमाग दारात नर्सबाई आणि कुलूपवाला. हातात दोनशे पानी वही. वसाहतीतल्या तेवीस जणांनी गट केलाय – रोज एक मेसेज धरायचा आणि तो मुळात कुणी, कुठून, कशाला पाठवला ते शोधत मागे जायचं. पंधरा दिवसांची नोंद, तारीखवार, रेघा मारून! "आम्हाला काही येत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "हे बरोबर करतोय का, एवढंच विचारायला आलो."
सरांनी पहिली पाच पानं वाचली. मग आपली खुर्ची सोडली, नर्सबाईंना तीत बसवलं आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसून पेनचं टोपण काढलं.
"सांगा," म्हणाले. "मी लिहून घेतो."