बाबांची कूस

आई,

पाया पडते. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

‘बाबा दिवसभर उताणे, शांत पडून असतात, मी त्यांना मुळीच हलवत नाही,’ हे तुझं वाक्य वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. वॉर्डात पेशंटच्या घरच्यांना मी रोज हेच शिकवते, की दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. आज एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, “पोरी, तुझ्या घरी कोण शिकवतं गं?” मी चादर सारखी करायला घेतली.

त्यांच्या माकडहाडापाशी लाली आहे का? तू तिथे तेल चोळत असशील, ठाऊक आहे मला. चोळू नकोस. बोटाने दाबून बघ. दाबूनही लालच राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव.

कूस बदलताना बाबा खेकसतील. चाळीस वर्षं ऐकलंस, आणखी थोडं ऐक. पण एकटीने ओढू नकोस, दादाला हाक मार. तुझी कंबर कशी आहे?

इथे दर दोन तासांनी मी कुणाच्या तरी वडिलांना कुशीवर वळवते, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणते, आई, ऊठ, आता बाबांना.

तुझी,
धाकटी